मागचा जिना

इंग्लंडमधल्या जुन्या जमीनदारी घरांचे नकाशे पाहताना एक उफराटा हिशेब लक्षात येतो. घर जितकं बडं, तितकं त्याचं स्वयंपाकघर जेवणाच्या टेबलापासून लांब. ससेक्स परगण्यातलं पेटवर्थ हाउस घ्या. तिथलं स्वयंपाकघर मुख्य वाड्यात नाहीच. ते नोकरांच्या वेगळ्या इमारतीत आहे आणि दोन्ही इमारतींना जोडणारी वाट जमिनीखालून जाते. फळ्यांवर तांब्याची हजाराच्या आसपास भांडी मांडलेली, आणि त्यांत रांधलेलं अन्न भुयारातून चालत पाहुण्यांपर्यंत जायचं. नॉरफोकमधल्या होल्कम हॉलचं बांधकाम 1734 मध्ये सुरू झालं आणि 1764 मध्ये संपलं. मधल्या घराच्या चार कोपऱ्यांना चार विंग: एकीत कुटुंब, दुसरीत पाहुणे, तिसरीत प्रार्थनागृह, चौथीत स्वयंपाकघर. ब्लेनिमचा महाल त्याहून जुना, 1705 मध्ये सुरू झालेला. तिथे व्हॅनब्रू या वास्तुकाराने एका अंगाला स्वयंपाकघराचा चौक काढला आणि तोल साधायला दुसऱ्या अंगाला तबेल्याचा. आचारी आणि घोडे यांना समान दर्जा मिळाल्याचं हे दुर्मीळ उदाहरण.

कारण विचारलं की आग आणि वास ही दोन उत्तरं मिळतात. दोन्ही खरी आहेत. उघड्या विस्तवावर अख्खं मांस भाजणारं स्वयंपाकघर घराला काळ होऊ शकत होतं, आणि उकडलेल्या कोबीचा वास दिवाणखान्याच्या रेशमी पडद्यांत आठवडाभर बसतो. पण आगीपासून बचावायला पंचवीस पावलं पुरली असती. बाकीचं अंतर कशासाठी होतं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

त्या अंतराची किंमत मालकांनीही मोजली, कारण अन्न निवायचं. चांदीची घुमटाकार झाकणं, तळाशी गरम पाणी भरलेल्या ताटल्या, जेवणघराला लागून ठेवलेली ऊबदार कपाटं, या सगळ्या गोष्टी आज आपल्याला खानदानी थाट वाटतात. मुळात ती लांबच्या स्वयंपाकघरावरची मलमपट्टी आहे. जेवण जवळ आणण्यापेक्षा झाकण घडवून घेणं त्यांना सोपं वाटलं, एवढ्यावरून त्या अंतराचं मोल कळावं.

या विषयाकडे मी वळलो तो मात्र इंग्लंडमध्ये नाही, मुंबईत. माझं बालपण ज्या इमारतीत गेलं तिला दोन जिने होते. पुढचा रुंद, लाकडी, कठड्यावर हात फिरवत उतरावा असा. मागचा लोखंडी, गोल, नळांच्या गर्दीतून वर चढणारा. त्यावरून संडास साफ करणारे यायचे. तो ‘त्यांचा’ जिना, एवढंच आम्हा मुलांना सांगितलं होतं. ‘ते’ कोण, हे कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पुढे इंग्रजी घरांचे नकाशे हाती आले तेव्हा तो जिना पुन्हा दिसला, आणि मी दचकलो. इथल्या छावण्यांमधल्या बंगल्यांतही साहेबाने स्वयंपाकघर मागे वेगळं काढलं होतं आणि नोकरांच्या खोल्या कंपाउंडच्या कडेला नेल्या होत्या. पण सरमिसळ नको. आमच्या मागच्या जिन्यावर जात उभी होती आणि भीती स्पर्शाची होती. तिथल्या मागच्या जिन्यावर वर्ग उभा होता. नोकराच्या हातचं खायला, त्याच्या हातून कपडे चढवून घ्यायला कोणाची हरकत नव्हती. तो दिसू नये, इतकंच. हे ‘इतकंच’ विटांत आणि चुन्यात कसं बांधलं गेलं, ते मला पाहायचं होतं.

नोकरांनी स्वतःबद्दल फार थोडं लिहून ठेवलं. त्यांची नावं पगाराच्या वह्यांत आणि जनगणनेच्या तक्त्यांत सापडतात, तीही बऱ्याचदा अर्धी. म्हणून त्यांच्या आयुष्याची साक्ष बांधकामाकडून काढावी लागते: जिन्याची रुंदी, खिडकीची उंची, दार कोणत्या बाजूला उघडतं, फरशी कुठे संपते आणि गालिचा कुठे सुरू होतो. हाही पुरावा मालकाच्याच पैशाने उभा राहिलेला आहे, हे विसरून चालणार नाही. तरी दगडी पायरीचा झिजलेला मधला भाग कोणी सांगून झिजत नाही.

सुरुवातीपासून हे असं नव्हतं. केंटमधल्या पेन्सहर्स्ट प्लेसचा 1341 च्या सुमाराचा मोठा हॉल अजून उभा आहे. मधोमध उघडी चूल, वर उंच लाकडी छत, एका टोकाला मालकाचा चौथरा आणि खाली लांब बाकं. मालक, त्याचे कारकून, शिपाई, आचारी, पोरंटोरं असे सगळे एका छताखाली जेवायचे आणि त्यातले बरेच तिथेच आडवे व्हायचे. खासा माणूस धन्याच्या उंबऱ्याशी झोपायचा. याला समता समजू नये. कोण कुठे बसतो यावरून तिथे मानापमान होत असत. पण त्या काळी माणसं जवळ असणं हेच वैभव होतं. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: लवाजमा. लवाजमा मिरवायचा असतो. पुढच्या तीनशे वर्षांत इंग्रजी घरात लवाजम्याचे नोकर झाले, आणि नोकर लपवायचा असतो.

हा बदल एका घरात स्पष्ट दिसायचा. बर्कशरमधलं कोल्सहिल हाउस सतराव्या शतकाच्या मध्यावर रॉजर प्रॅट याने बांधलं. घराच्या मधून लांबच लांब बोळ, त्याच्या दोन्ही टोकांना मागचे जिने, आणि स्वयंपाकघर व नोकरांची जेवणाची जागा अर्ध्या तळघरात. साध्या नोकरांना ये-जा करताना कोणाच्या नजरेस पडावं लागू नये, हा हेतू प्रॅटने स्वतःच्या टिपणांत नोंदवलेला आहे. पुढच्या भव्य जिन्यावर आता फक्त पाहुणे आणि घरची माणसं. रात्रीची शौचपात्रं, सकाळची राख, कोळशाची बादली, मळकी चादर हे सारं मागच्या जिन्याने खाली जाऊ लागलं. कोल्सहिल 1952 मध्ये जळालं आणि पुढे पाडलं गेलं. पण तोवर त्याचा धडा साऱ्या देशाने गिरवला होता.

तरीही अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत नोकराला फार लांब ठेवता येत नव्हतं, याचं कारण अगदी साधं होतं. हाक ऐकू यायला हवी. हातातली घंटा वाजवली तर ती पुढच्या खोलीपर्यंत पोचते. म्हणून कोणीतरी दाराबाहेर, बोळात, बाकावर बसून असायचं. आणि जो दाराबाहेर बसतो तो आतलं बोलणं ऐकतो. शतकाच्या उत्तरार्धात तारेची घंटा रूढ झाली आणि हा पेच सुटला. खोलीत शेकोटीशेजारी एक मूठ. ती ओढली की भिंतीतून, छतामागून, कोपऱ्याकोपऱ्यांवरच्या लोखंडी बिजागऱ्यांवरून वळत गेलेली तार दूरच्या बोळातली घंटा हलवायची. घंटा वळणदार पोलादी पट्टीवर टांगलेली असे. आवाज थांबल्यावरही ती, किंवा तिच्याखालचा लंबक, काही वेळ डुलत राही, म्हणजे धावत आलेल्याला कोणत्या खोलीतून बोलावणं आलं ते डोळ्यांनी कळावं. शिवाय घंटांचे आवाज वेगवेगळे असत. मुरलेली माणसं मान वर न करता ओळखायची.

मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत निर्णायक यंत्र हेच वाटतं. वाफेचं इंजिनही या घरांपुरतं या घंटेच्या मागे. तारेने घरातल्या माणसांना एकमेकांशी जोडलं असं वरवर दिसतं. प्रत्यक्षात तिने त्यांना दूर जाण्याची परवानगी दिली. घंटा आल्यावर नोकरांची विंग मुख्य घरापासून सुटी होऊ शकली, लांबू शकली, झाडांच्या आड जाऊ शकली. आणि बोलावणं एकतर्फी झालं. वरून खाली तार होती, खालून वर नव्हती.

या व्यवस्थेचं शास्त्र एकोणिसाव्या शतकात लिहिलं गेलं. रॉबर्ट कर या वास्तुकाराने 1864 मध्ये सद्गृहस्थाचं घर कसं असावं यावर जाडजूड ग्रंथ काढला. त्याचा पहिला दंडक एकांताचा. कुटुंब हा एक समाज, नोकर हा दुसरा, आणि एकाचं चाललेलं दुसऱ्याला दिसू वा ऐकू येता कामा नये. ‘टाइम्स’ वृत्तपत्राचा मालक जॉन वॉल्टर याच्यासाठी त्याने बर्कशरमध्ये बेअरवुड हे घर बांधलं, तेव्हा ही शिकवण त्याने इतकी मनावर घेतली की नकाशात कोणता जिना कोणाचा हे समजायला आज अभ्यासकालाही बोट ठेवत जावं लागतं.

करचा ग्रंथ वाचताना आधी हसू येतं, मग हळूहळू येईनासं होतं. माणूस मूर्ख नव्हता. प्रत्येक कामाला स्वतंत्र खोली हे त्याचं सूत्र, आणि त्या खोल्यांमागे खरोखर विचार आहे. मांसाचं कोठार उत्तरेला, जाळीच्या खिडक्यांचं, उन्हाची तिरीपही शिरू नये असं. शिकार टांगायचं कोठार त्याहून दूर, मोकळ्या अंगणात. पेस्ट्रीचं पीठ मळायची खोली चुलीपासून लांब, ओट्याला संगमरवर, कारण लोणी वितळलं तर पापुद्रे सुटत नाहीत. भांडी घासायची मोरी स्वयंपाकघराला खेटून, पण मोरीचं घाण पाणी आणि कोठारातलं अन्न एका वाटेवर येणार नाहीत अशी. दिव्यांची खोली, सुऱ्यांची खोली, बुटांची खोली, चिखलाने भरलेले कोट झटकायची खोली. स्वयंपाकघराच्या भिंतींना पुष्कळदा निळा रंग, कारण निळ्यावर माश्या बसत नाहीत असा समज होता. (माझ्या अनुभवात माश्यांना रंगाचं सोयरसुतक नसतं.)

यांतली माझी आवडती खोली बटलरची. तिला पँट्री म्हणत, पण तिथे खाद्यपदार्थ कमी आणि चांदी जास्त. काचेची नाजूक भांडी आदळून फुटू नयेत म्हणून तिथली धुण्याची कुंडी लाकडाची किंवा आतून शिशाचा पत्रा ठोकलेली असे. शेजारी चांदीची तिजोरीखोली, आणि तिच्या दाराशी बऱ्याच घरांत घडीचा पलंग, त्यावर रात्री एखादा फूटमन, म्हणजे गणवेशातला पुरुष नोकर, झोपायचा. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी जो माणूस धन्याच्या उंबऱ्याशी झोपत होता, तो आता काट्या-चमच्यांच्या उंबऱ्याशी आला. बटलरच्या खिडकीतून घराकडे येणारा रस्ता दिसावा असा संकेत होता. गाडी दिसली की कोट चढवून दाराशी जायला वेळ मिळावा. बाकीच्या नोकरांच्या खिडक्यांचा संकेत नेमका उलटा: बागेकडे तोंड नको, असलीच तर उंच किंवा धुरकट काचेची, कारण बागेत मालकीणबाई फिरत असतील.

खालच्या जगात आणखी एक वरचं जग होतं. बटलर, हाउसकीपर, खास दासी, खासा सेवक ही वरिष्ठ मंडळी दुपारी नोकरांच्या हॉलमध्ये सर्वांबरोबर मांस खायची आणि मग गोड पदार्थाच्या वेळी उठून, रांगेने, हाउसकीपरच्या खोलीत जायची. हाउसकीपरकडे चहा, साखर, मसाले आणि मुरांब्यांच्या किल्ल्या. तिची खोली पुष्कळदा मोलकरणींच्या वाटेवर, येणारी-जाणारी नजरेखाली राहील अशी. स्त्री आणि पुरुष नोकर वेगळे ठेवणं हे तर वास्तुकाराचं जणू धर्मकर्तव्य. मुली माळ्यावर, मुलगे तळघरात किंवा तबेल्याच्या वर, आणि दोघांचे जिने निराळे. कॉर्नवॉलमधलं लॅनहायड्रॉक 1881 मध्ये जळाल्यावर पुन्हा बांधलं, तेव्हाही ही फारकत काळजीने केली. माळ्यावरच्या त्या खोल्या उन्हाळ्यात तापायच्या, हिवाळ्यात गोठायच्या.

लॅनहायड्रॉकबद्दल मात्र एक चांगला शब्द बोलायलाच हवा. नोकरांची जागा इतक्या आस्थेने बांधलेली मी क्वचित पाहिली. स्वयंपाकघराला एखाद्या कॉलेजच्या सभागृहासारखं उंच छत, वर खिडक्या, उष्णता निघून जाईल अशी सोय. डेअरीत संगमरवरी ओट्याच्या चरांतून टेकडीवरचं गार पाणी खेळवलेलं, म्हणजे दुधाची भांडी उन्हाळ्यातही थंड राहावीत. काम करणाऱ्याच्या हाताला काय लागतं हे माहीत असलेल्या माणसाने काढलेला तो नकाशा आहे. अर्थात दूध आंबलं तर नुकसान मालकाचंच.

आणि इथे भिंतीची दुसरी बाजू येते. करचा दंडक दोन्हीकडून लागू होता. नोकरांना वरचं दिसू नये, तसं वरच्यांना खालचं. हिरव्या लोकरी कापडाने मढवलेलं, पितळी खिळ्यांचं, या दोन जगांच्या मधलं ते प्रसिद्ध दार आवाज आणि वास अडवायचं; पण ते बंद झालं की अलीकडे मालकीणबाईही सहजासहजी येत नसत. नोकरांच्या हॉलमध्ये वरच्यांची चेष्टा, त्यांच्या नकला, प्रेमप्रकरणं, भांडणं. ते स्वातंत्र्य होतं असं मी म्हणणार नाही. पण ज्या भिंतीने नोकरांना अदृश्य केलं, तिनेच त्यांना आडोसाही दिला. खरी भेदरलेली माणसं वरच्या मजल्यावरच असावीत, असं मला कधीकधी वाटतं. जेवताना बोलणं नोकरांच्या कानी जाऊ नये म्हणून त्यांनी खणांचं फिरतं टेबल आणलं, त्याला ‘मुका वाढपी’ अशा अर्थाचं नाव दिलं आणि हाताने वाढून घेतलं. भिंतीच्या कागदाखाली, चित्रांच्या रांगेत दडवलेली दारं केली. बंद असताना भिंत, उघडल्यावर तबक घेतलेला माणूस. ज्यांना अदृश्य केलं, ते कुठूनही प्रकट होऊ शकतात या भीतीत मग राहावं लागलं.

यंत्रं आली तरी हात कमी झाले नाहीत. नॉर्थम्बरलँडमधल्या क्रॅगसाइडला विल्यम आर्मस्ट्राँगने 1878 मध्ये पाण्यावर वीज तयार केली. तिथली लिफ्ट आणि मांस भाजायचा फिरता गज दोन्ही पाण्याच्या दाबावर चालत. पण असं घर अपवादच. डर्बीशरच्या काल्क ॲबीमध्ये वीज आली ती 1962 मध्ये. नोकर स्वस्त होते, हे त्याचं उघड कारण. पुरुष मात्र स्वस्त नव्हते. अमेरिकेतल्या युद्धाचा खर्च भागवायला 1777 मध्ये सरकारने दर पुरुष नोकरामागे एक गिनी कर बसवला आणि तो 1937 पर्यंत या ना त्या रूपात टिकला. म्हणून फूटमन ही मिरवायची चैन ठरली, गणवेश घालून पुढच्या दाराशी उभी करण्याची, आणि मागच्या जिन्यावर बहुतेक मुलीच उरल्या. लवाजम्याचा शेवटचा अवशेष म्हणजे फूटमनचे पावडर लावलेले केस.

पहिल्या महायुद्धानंतर दुकानं, कचेऱ्या आणि कारखाने यांनी या मुलींना दुसरी वाट दाखवली. घरं पोसवेनाशी झाल्यावर अनेकांनी आधी पाडली ती नोकरांची विंगच. त्यामुळे आज जे उरलं आहे ते मूळच्या मानाने थोडं. वेल्सच्या हद्दीतलं एर्डिग 1973 मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे आलं आणि 1977 मध्ये लोकांना खुलं झालं, तेव्हा प्रेक्षकांना पुढच्या दाराऐवजी कामाच्या अंगणातून आत घेतलं गेलं. आता बहुतेक घरं स्वयंपाकघर हौसेने दाखवतात. माझी एकच कुरकुर आहे. तांबं फार लखलखीत असतं. तेवढं तांबं रोज घासायला किती तास लागत, हे त्या लखलखाटातून दिसत नाही.

पुस्तकातल्या आठ घरांपैकी शेवटचं घर मी मुद्दाम मागे ठेवलं आहे. ससेक्समधलंच अपपार्क. मुख्य घर आणि बाजूच्या इमारती यांच्यामध्ये भुयारं, त्यांत उजेड-वाऱ्यासाठी वर उघडणारी धारी. या घराचा मालक सर हॅरी फेदरस्टनहॉ याने 1825 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, आपल्याच डेअरीत काम करणाऱ्या मेरी ॲन बुलक या तरुणीशी लग्न केलं. त्याच्यामागे घर तिचं झालं आणि तिच्यामागे तिची बहीण फ्रान्सिस हिचं. म्हणजे डेअरीतल्या मुलीची बहीण घराची मालकीण. भुयारं होती तिथेच राहिली, घंटाही.

याच फ्रान्सिसने 1880 मध्ये सारा वेल्स या आपल्या जुन्या दासीला हाउसकीपर म्हणून परत बोलावलं. साराचा मुलगा, कथाकार एच. जी. वेल्स, तेव्हा चौदा वर्षांचा होता. तो आईकडे तळघरात राहायला यायचा, वरच्या ग्रंथालयातली पुस्तकं वाचायचा, माळ्यावर सापडलेली दुर्बीण जोडून आकाश पाहायचा. 1895 मध्ये त्याची ‘द टाइम मशीन’ प्रसिद्ध झाली. तिच्यात उजेडात बागडणारी नाजूक माणसं आहेत आणि जमिनीखाली यंत्रं चालवणारी, धाऱ्यांतून रात्री वर येणारी दुसरी जात आहे. ती धारी अपपार्कची, असं पुष्कळ जण मानतात आणि मलाही ते पटतं. पण तिथल्या बोळातून जाताना मला आठवते ती सारा. हळूहळू तिला ऐकू येईनासं झालं. जे सगळं घर कानांवर चालत होतं, तिथे बहिऱ्या हाउसकीपरचा निभाव कसा लागावा? 1893 मध्ये तिला कामावरून काढलं. काढणारी मालकीण होती डेअरीतल्या मुलीची बहीण.